नाळपट्टी

जर्मनीशी लढाई जुंपली आणि कोल्हारच्या गहिनीनाथ रंगाऱ्याचे दिवस पालटले. तसं पाहिलं तर लढाईशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. जर्मनी कुठल्या दिशेला आहे हेही त्याला ठाऊक नव्हतं. पण तिथून येणारे डबीतले रंग बाजारातून गडप झाले, आणि वीस वर्षं ज्यांनी त्याच्या दाराकडे ढुंकून पाहिलं नव्हतं ते लोक लुगडी काखोटीला मारून पुन्हा प्रवरेकाठच्या त्याच्या भट्टीपाशी येऊन उभे राहू लागले. गहिनीनाथ लगेच हो म्हणत नसे. आधी थोडं ताटकळत ठेवी. "डबीचा रंगच बरा हुता की. स्वस्तबी आन् झटपटबी," असं म्हणून समोरच्याला ओशाळं करी आणि मगच लुगडं हातात घेई. माणूस वाईट नव्हता. पण वीस वर्षांचं उट्टं काढायचं राहिलं होतं, त्याला काय इलाज!

त्याच्याकडे डाळिंबाच्या सालीचा पिवळा होता, बाभळीच्या सालीचा तपकिरी होता, पण खरा मान मंजिष्ठेच्या लालाचा. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीच्या पाण्यात, मग मंजिष्ठेच्या मुळ्यांबरोबर मंद आचेवर दिवसभर. एवढं कुठलाही रंगारी करतो. गहिनीनाथाच्या घराण्याची करामत त्याच्या पुढची होती. रंग चढलेलं कापड तो मेंढ्यांच्या लेंड्या भिजवलेल्या पाण्यात एक रात्र ठेवी आणि साध्या पाण्यातून न काढता तसंच पिळून सावलीत वाळवी. याला ते लोक उजाळा म्हणत. उजाळ्यानं लाल असा काही खुलायचा की आसपासचे रंगारी चरफडत राहायचे. ही गोष्ट आज्यानं बापाला सांगितली, बापानं गहिनीनाथाला, आणि घराबाहेर ती कधी गेली नाही. घरातही फारशी गेली नाही. उजाळ्याचा रांजण भट्टीमागं जमिनीत पुरलेला होता, आणि त्याच्या बायकोला, मुक्ताबाईला, त्याचा वास येई. पण "पाला कुजवतूय" एवढंच सांगून गड्यानं तीस वर्षं निभावून नेली होती.

मिशनच्या दवाखान्यातल्या मरियाबाई त्याच्याकडे पहिल्यांदा आल्या त्या लढाईच्या चौथ्या की पाचव्या वर्षी, मार्गशीर्षात. गावाबाहेर चिंचेखाली दोन खोल्यांचा दवाखाना. डॉक्टर आठवड्यातून एकदा नगरहून यायचे, बाकीचे सहा दिवस सगळा कारभार या नर्सबाईंचा. चाळिशीच्या, उंच, पांढऱ्या पातळातल्या. वडील शांतवन मास्तर मिशनच्या शाळेत शिकवायचे आणि आजोबा वेशीबाहेरचे, हे अख्ख्या गावाला पाठ होतं. मुक्ताबाईनं त्यांच्यासाठी ओट्याच्या अगदी कडेला गोणपाट टाकलं. त्या त्यावर निमूट बसल्या आणि पिशवीतून एक पिवळी चिंधी काढून त्यांनी गहिनीनाथापुढं धरली.

"हा रंग तुमचा?"

"चांगला आसंल तर माझाच, वाईट आसंल तर दुसऱ्याचा."

मरियाबाई हसल्या. मग त्यांनी सांगितलं. एका बाईच्या नडगीवर विळा बसला होता. तिनं लुगड्याची कड फाडून जखमेवर बांधली आणि सहा दिवस तशीच रानात राबली. इतक्या दिवसांत पू व्हायला हवा होता, पण पट्टी सोडली तर जखम कोरडी, वाससुद्धा नाही. लुगडं होतं गहिनीनाथानं डाळिंबाच्या सालीत रंगवलेलं.

"मग मी एक उद्योग केला," मरियाबाई म्हणाल्या. "तीन वाट्यांत पेज घेतली. एकीत साधं पांढरं कापड बुडवलं, एकीत तुमचं पिवळं, एकीत तुमचं लाल. पांढरं दुसऱ्या दिवशीच आंबलं. पिवळं पाच दिवस टिकलं. झाडाच्या सालीत काहीतरी आहे, रंगारीबाबा. जंतूंना ते मानवत नाही."

"आन् लाल?"

"लाल तिसऱ्या दिवशी घाण मारायला लागलं. त्याचंच मला कोडं पडलंय."

"पेजच नासकी आसंल," गहिनीनाथ फटकन म्हणाला.

लढाईमुळं औषधं येईनाशी झाली होती, पट्ट्यांचं कापडही बेताचंच. आहे ते पिवळं रंगवून द्याल का, एवढं विचारायला बाई आल्या होत्या. गहिनीनाथ आतून फुलून गेला. आपला रंग दवाखान्यात जाणार! त्यानं सालींची मापं सांगितली, तुरटी किती ते सांगितलं, आच कशी ठेवायची ते सांगितलं, आणि बाई वहीत लिहीत गेल्या. लालाचंही त्यांनी सगळं उतरवून घेतलं. शेवटी पेन्सिल थांबवून विचारलं, "यानंतर अजून काही करता?"

"काही न्हाई," गहिनीनाथ म्हणाला. त्याची पापणीही लवली नाही. बाई कितीही चांगल्या असल्या तरी उजाळा म्हणजे काही वहीत लिहून द्यायची गोष्ट नव्हती.

पौषात त्याची मुलगी लंका बाळंतपणाला आली. बेलापूरला दिलेली, बावीस वर्षांची, आणि हे तिसरं बाळंतपण. पहिला मुलगा, दुसरी मुलगी, दोन्ही याच घरात, याच खोलीत झाली होती. दोन्ही मुलं जन्मली तेव्हा चांगली धट्टीकट्टी होती. दोघांनीही सातव्या दिवशी दूध सोडलं, दातखीळ बसल्यासारखा जबडा धरला, अंग ताठ झालं, आणि आठव्या दिवशी गेली. घरात काही बाधा आहे असं बेलापूरकर उघड म्हणू लागले. या खेपेला ते पाठवायलाच तयार नव्हते. पण लंका हटून बसली. रंगाऱ्यांच्या घरात एक रीत आहे. बाळ सुनेचं असो की लेकीचं, त्याची नाळ कापली की बेंबीवरून पोटाला बांधायची चार बोटं रुंदीची पट्टी घरच्या रंगाऱ्यानं स्वतः लाल रंगवायची. ती नाळपट्टी बांधण्याआधी पाण्यात बुचकळायचीसुद्धा नाही. धुतली तर त्याचा रंग कच्चा ठरवल्यासारखं होतं. लंकानं सासरी सांगितलं होतं, "माज्या आबांच्या हातची पट्टी माज्या लेकराला बांधायची. मी जानार म्हंजी जानार."

हे गहिनीनाथाला जावयाकडून कळलं तेव्हा तो तोंड फिरवून भट्टीकडे गेला. माणसांदेखत डोळे पुसायची त्याला सवय नव्हती. त्या आठवड्यात त्यानं गावाचं सगळं काम बाजूला सारलं आणि पट्टी रंगवली. रंग चढवला, उजाळा दिला, सावलीत वाळवली. आयुष्यात इतका देखणा लाल त्याच्या हातून उतरला नव्हता.

लंका आल्याचं ऐकून मरियाबाई तिला बघायला आल्या. पोट तपासलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, आणि मग पहिल्या दोन्ही मुलांचं सगळं विचारत बसल्या. किती दिवशी दूध सोडलं, जबडा कसा धरला, नाळ कशानं कापली. लंका खाली मान घालून सांगत होती. गहिनीनाथ पट्टी दाखवायला म्हणून आत येत होता, तो दाराशीच थांबला.

"याला धनुर्वात म्हणतात," मरियाबाई मुक्ताबाईला सांगत होत्या. "घरात बाधा नाही नि काही नाही. त्याचे जंतू असतात. शेणात असतात, लिदीत असतात, मेंढ्यांच्या लेंड्यांत असतात. कापलेली नाळ म्हणजे उघडी जखम. तिथून ते आत शिरतात आणि आठवड्याभरात मूल नेतात. म्हणून या खेपेला खोली शेणानं सारवू नका."

"सारवल्याबिगार बाळंतीन निजवायची?" मुक्ताबाई चवताळली. "लोक तोंडात शेन घालतील माज्या!"

"तोंडात घालू द्या, नाळेला लागू देऊ नका. आणि विळा नुसता उकळूनही भागत नाही. काही वेळा ते उकळीलाही पुरून उरतात."

गहिनीनाथानं हातातल्या पट्टीकडे पाहिलं. मग ती बंडीच्या खिशात कोंबून तो आला तसा परत गेला.

भट्टीपाशी जाऊन तो बसला आणि स्वतःशीच भांडू लागला. बापानं उजाळा दिला, आज्यानं दिला, त्यांना कुणी शहाणपण शिकवलं नव्हतं. खुद्द लंकाला त्यानंच पट्टी बांधली होती, ती जगलीच की! तो स्वतः जगला. पण जगलेल्यांची आठवण काढली की न जगलेली मागोमाग येऊन उभी राहत होती. त्याच्या पाठचा भाऊ. त्यानंतरची बहीण. मुक्ताबाईचा पहिला मुलगा, ज्याचं अजून नावसुद्धा ठेवलं नव्हतं. मग जगलेल्या धाकट्या बहिणीची दोन. मग लंकाची. दर खेपेला बाया म्हणायच्या, सटवाईनं नेलं. सातपर्यंत मोजल्यावर त्यानं मोजणं सोडलं.

आणि यात सगळ्यात वाईट काय, तर हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. मरियाबाईंनी मुक्ताबाईला शेण वर्ज्य करायला लावलं, विळा लावू देऊ नका म्हणाल्या, दोरा आपण आणू म्हणाल्या. पट्टीबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत, कारण त्यांच्या वहीत उजाळा नव्हता. तो गप्प राहिला असता तर त्याच्या घराण्याची अब्रू शाबूत राहिली असती आणि पट्टी लंकाच्या बाळाला बांधली गेली असती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो दवाखान्यात गेला. मरियाबाई स्टोव्हला पंप मारत होत्या. त्यानं पट्टी त्यांच्यापुढं टेबलावर ठेवली.

"बाई, तुमास्नी मी खोटं सांगितलं हुतं," तो म्हणाला, आणि उजाळ्याचं सगळं सांगितलं. रांजण, लेंड्या, एक रात्र, आणि न धुण्याची रीत. सांगताना एकदाही त्यानं वर पाहिलं नाही. "आता खरं सांगा. माजी नातवंडं मीच मारली का?"

मरियाबाईंनी स्टोव्ह बंद केला.

"तसं मी म्हणणार नाही. विळा असेल, सारवलेली जमीन असेल, दोरा असेल."

"पन पट्टीबी आसंल."

"असेल," त्या म्हणाल्या.

नाही म्हणाल्या असत्या तर गहिनीनाथानं ते मानलं नसतं. त्यांनी खोटी समजूत घातली नाही याचं त्याला बरं वाटलं, आणि मग तो टेबलाला धरून लहान मुलासारखा रडला. मरियाबाईंनी त्याला रडू दिलं. पाण्याचा तांब्या तेवढा त्याच्या हाताशी सरकवला. त्यानं तो तोंडाला लावला आणि घटाघटा प्यायला. हे पाणी कुणाच्या हातचं, हा विचार त्याच्या मनात त्या दिवशी आला नाही आणि पुढंही कधी आला नाही.

"आता काय करू?"

"पुन्हा रंगवा," मरियाबाई म्हणाल्या. "हिरडा, तुरटी, मंजिष्ठ सगळं द्या. तुमच्या रंगात गुण आहे, तो मला सोडायचा नाही. नाळ सुकेपर्यंत बाकीच्या जंतूंना तो लांब ठेवेल. फक्त उजाळा देऊ नका. आणि वाळली की कुठंही न ठेवता माझ्याकडं आणा. हा डबा बघा, यात दाबाची वाफ धरते. धनुर्वाताचे जंतू त्याच वाफेत मरतात."

"वाफंनं रंग उतरला तर?" गहिनीनाथाच्या तोंडून निघून गेलं. धंदा माणसाला असा सुटत नाही. बोलल्यावर त्याची त्यालाच इतकी लाज वाटली की उत्तराची वाट न बघता तो निघाला.

घरी येऊन त्यानं पहारीनं रांजण फोडला. पाणी जमिनीत जिरलं, वर माती लोटली. मुक्ताबाई धावत आली तर म्हणाला, "फुटला." मग नवीन फडकं घेतलं आणि रंगवायला बसला. तीन दिवसांनी पट्टी तयार झाली ती मळकट विटेच्या रंगाची. वाफेच्या डब्यातून निघाल्यावर तर आणखीनच निस्तेज झाली. धंद्याला लागल्यापासून इतकं गरीब कापड त्यानं कुणाला दिलं नव्हतं. मरियाबाईंनी ती दुसऱ्या वाफवलेल्या फडक्यात गुंडाळली आणि लंकाला लांबूनच उलगडून दाखवली.

"आबा, ही आपली न्हाई," लंका म्हणाली.

"आपलीच हाय. हीच बांधायची."

लंकानं बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान डोलावली.

माघाच्या पहिल्या आठवड्यात सकाळी तिला कळा सुरू झाल्या. मरियाबाई आल्या तेव्हा मुक्ताबाईनं त्यांना हाताला धरून थेट आतल्या खोलीत नेलं. खोलीत शेणाचा बोळा फिरला नव्हता. जमिनीला चुना लावला होता आणि शेजारणी व्हायचे ते शेरे मारून गेल्या होत्या. ऊन ओट्यावर यायच्या सुमाराला मुलगी झाली. बाईंनी पेटीतल्या कात्रीनं नाळ कापली, पेटीतल्याच दोऱ्यानं बांधली, आणि वरून ती मळकी पट्टी गुंडाळली.

मग दिवस मोजणं सुरू झालं. गहिनीनाथ भट्टीकडे फिरकला नाही. ओट्यावर बसून तो फक्त ऐकायचा. पोरगी रडली की जीव भांड्यात पडायचा, गप्प झाली की वर टांगला जायचा. मुक्ताबाई ओरडायची, "आवं, निजलीय ती, जरा श्वास घ्या!" पाचवा दिवस गेला. सहावा गेला. सातव्या दिवशी पहाटेपासून तो दाराला कान लावून उभा होता. बाळ कुरकुरलं, मग चुटूचुटू दूध पिण्याचा आवाज आला, आणि तो तिथंच खाली बसला. आठव्या दिवशी पोरीनं भुकेनं असा टाहो फोडला की रस्त्यानं जाणारे थांबले. मुक्ताबाईनं देवापुढं गूळ ठेवला आणि अर्धा गूळ मरियाबाईंना पोचवला.

दहाव्या दिवशी मरियाबाईंनी पट्टी सोडली. नाळ गळून बेंबी कोरडी झाली होती. निघताना त्या गहिनीनाथाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "लंकाला काही सांगायची गरज नाही. खात्रीनं कुणालाच ठाऊक नाही. उगाच कशाला?"

त्यालाही ते पटलं. दोन दिवस त्यानं ते मनाशी घोकलं. लेक हसतेय, नात पितेय, मग उगाच कशाला!

बाराव्या दिवशी बारसं आटोपलं. बाया पांगल्या, मुक्ताबाई भांडी घासायला मागं गेली. लंका उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून बाळाला पाजत होती. गहिनीनाथ पलीकडे खांबाशी बसला होता.

"आबा," लंका म्हणाली, "बारा दिस झालं. तुमी हिला एकदाबी घेतलं न्हाई. पोरगी झाली म्हनून का?"

गहिनीनाथाला वाटलं, हो म्हणून टाकावं. जगात किती आजे तसे असतात, एवढं पचून जाईल. पण ती त्याच्याकडे सरळ बघत होती, आणि तिच्या मांडीवरच्या पोरीनं दूध पिता पिता एक डोळा उघडला होता.

"न्हाई गं बाय," तो म्हणाला. "मला हात लावायचं धाडस हुईना."

आणि मरियाबाईंना सांगितलं होतं तसं त्यानं सगळं सांगितलं. रांजण कशाचा होता, पहिल्या दोन पट्ट्यांत काय होतं, बाई काय म्हणाल्या. आईपासून काही लपत नाही म्हणतात, पण तिच्या आईलाही हे ठाऊक नाही, हेही सांगितलं. "तू सासरी भांडून माजी पट्टी बांधायला आलीस. आन् पैल्या दोनी खेपेला मी तुला असली पट्टी बांधून दिली हुती. आता तुला मला काय म्हनायचं त्ये म्हन."

बाळाचं एका अंगावर पिऊन झालं, लंकानं त्याला दुसऱ्या अंगाला घेतलं. मग तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि गहिनीनाथानं मान खाली घातली.

"म्हंजी," ती म्हणाली, "माजं दूध नव्हतं?"

"काय?"

"सासूबाई म्हनत्यात माजं दूध इखारी हाय. दोनी लेकरं त्यानंच ग्येली म्हनत्यात. मी त्ये खरं धरलं हुतं, आबा. हिला पाजताना रोज भीत हुते मी. अंगाला लावायचे आन् तोंड फिरवून बसायचे. सांगा की. माजं दूध नव्हतं?"

"न्हाई गं पोरी. तुजं दूध न्हाई."

"आनखी एकदा सांगा."

"तुज्या दुधात काय सुदिक वाईट नव्हतं."

लंकानं बाळाच्या टाळूवर ओठ टेकले आणि आवाज न करता रडून घेतलं. थोड्या वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं, बाळ अंगावरून सोडवलं आणि दोन्ही हातांवर घेऊन त्याच्याकडे पुढं केलं. तो उठू लागला तशी तिनं बाळ परत जवळ ओढलं.

"आदी हात धुवा. साबनानं."

गहिनीनाथ घाईघाईनं न्हाणीत गेला. त्यानं हात धुतले. मग पुन्हा धुतले. नखांत बोटं घालून तिसऱ्यांदा साबण लावला, पाणी ओतलं, हात उजेडात धरून पाहिले, आणि परत साबणाकडे हात नेला.

"आबा," लंकाची हाक आली, "बास झालं आता. या."